जपानच्या पेटंटपायी 4,40,500 रुपये बुडाले, तुम्ही तरी वाचा

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं डोसिंग पंपांच्या व्हॉल्व्हचं छोटं युनिट आहे. पीसीटी अर्ज, म्हणजे एकाच अर्जाने अनेक देशांत पेटंट मागायची सोय, झालेला, जपानात शिरायची 30 महिन्यांची मुदत संपत आलेली. नेमका तेव्हाच, जपानचं काम करून देतो म्हणणाऱ्या एका एजंटाचा फोन आला. अर्जाचा नंबर, नावं, सगळं त्यांना पाठ. त्यात नवल काय? 18 महिने झाले की अर्ज जिनिव्हाहून प्रसिद्ध होतो, कुणीही उघडून वाचावा. आणि त्याच अर्जाच्या 'गोपनीय संपर्का'चे माझ्याकडून 38,500 घेतले! बाकी भाषांतर 1,86,000, कायदेशीर तपासणी 74,000, जपानी वकील आणि सरकारी फी 1,42,000. सगळे बँकेतून ट्रान्सफर.

भाषांतराची पीडीएफ आली तेव्हाच पकडायला हवं होतं, हे आठवलं की अजून डोकं फिरतं. जपानी येत नसलं तरी प्रत्येक क्लेमच्या (शोधातल्या कशावर हक्क मागतोय ते सांगणाऱ्या मुद्द्याच्या) डोक्यावर 1, 2, 3 असे आकडे असतात. आमचे क्लेम 11, त्यात 9. स्क्रीनवर बोट ठेवून परत मोजले. विचारलं तर म्हणे, "लीगल रिव्ह्यूत दोन मर्ज केलेत, तिकडे असंच चालतं." भाषांतर मुळाबरहुकूमच लागतं, परस्पर काटछाट चालत नाही. पण समोरचा कलमं घडाघडा म्हणतोय, मुदत डोक्यावर, मी मेकॅनिकलचा डिप्लोमावाला. कोण हुज्जत घालणार? टोकियोच्या वकिलाचं नाव विचारलं तर "कॉन्फिडेन्शियल". अहो, अशिलापासून त्याचाच वकील लपवतात का कधी? तिकडच्या वकिलाचा थेट मेल आल्याशिवाय दमडी सोडू नका.

शेवटी दुसऱ्या एजंटाने टोकियोत चौकशी केली. पहिल्या एजंटाने दिलेल्या पोचपावतीवरच्या नंबराचा आमचा अर्जच नाही. मुदत चुकली तर जपानात हक्क परत मागता येतो, पण वर्षाच्या आत. तेही उलटलेलं.

पोलीस ठाण्यात साहेबांनी बिल उलटंपालटं केलं. "आ तो सिव्हिल मॅटर छे, काका. बिल छे, करार छे." म्हणजे चोराने पावती दिली की तो व्यापारी! सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः भरलेत. बँकेने तेच सांगितलं, फक्त इंग्रजीत. पेटंटवाल्यांकडे लिहिलं तर उत्तर आलं की ही व्यक्ती आमच्या नोंदीत नाही. नाही, म्हणूनच तर तक्रार केली ना! प्रत्येक खिडकीवर अर्ज नव्याने लिहायचा, वर माझ्याकडेच असं बघायचं की जणू मीच कुणाला बुडवलंय.

नोंदणीकृत एजंटांची यादी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहे, नाव आधी तिथे शोधा. 'वर्ल्ड पेटंट' नावाची चीजच नसते, ते विकणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा. पैसे नुकतेच गेले असतील तर ठाण्यात जाण्याआधी 1930 (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावा, खात्यात अडकले तर अडकले. आणि क्लेम मोजा. भाषा येवो न येवो, मोजा.

वकिलाची नोटीस परत आली, पत्त्यावर आता मोबाइलचं दुकान आहे. तसलंच कोटेशन कुणाला आलं असेल तर आमचं बिल जुळवून बघा, झेरॉक्स काढून ठेवलीय.