12 बाय 4 फुटांचा गांडूळखत बेड: कोकणच्या पावसात कसा चालतो?

शेण तसंच विकलं तर हाती फारसं लागत नाही, त्याचं गांडूळखत केलं की पोत्यावर गिऱ्हाईक मिळतं. त्यासाठी एचडीपीईचा, म्हणजे प्लास्टिक कापडाचा, 2 फूट उंच बेड चांगलाच, पण 350 जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) खालचा नको. पातळ कापड उन्हाने विरतं आणि बेड उभा धरणाऱ्या काठ्यांच्या खोबणीत उसवतं.

व्हर्मीवॉशच्या (बेडमधून झिरपणाऱ्या गांडूळपाण्याच्या) नळीकडे 2-3 इंच उतार द्या, तळाला नारळाची सोडणं अंथरा. वर दीड फूट शेण आणि आंब्याचा कुजका पातेरा (पालापाचोळा). शेण आधी 15 दिवस पाणी मारून थंड केलेलं हवं. गांडुळं कडेने वर चढू लागली तर ते अजून गरम आहे. मूठ दाबल्यावर हाताला ओल लागावी, पाणी गळू नये.

मोठी उणीव झाकणाची: बेडवरची जाळी पाऊस अडवत नाही. जूनपूर्वी छप्पर हवंच, नाहीतर पाणी साचून गांडुळं गुदमरतात. हा खर्च विक्रेते सांगत नाहीत, सांगायला हवा.

सव्वा टन भरणीतून अडीच-तीन महिन्यांत साधारण 500 किलो खत निघतं. किलोला 8 रुपये धरले तर 4,000 रुपये, शिवाय वाढलेली गांडुळं पुढच्या बेडला.