जर्मन की रोमन: बागेत कोणतं कॅमोमाइल लावावं?

बियांच्या पाकिटावर नुसतं 'कॅमोमाइल' लिहिलेलं दिसलं तर शास्त्रीय नाव शोधा. मॅट्रिकेरिया कॅमोमिला म्हणजे जर्मन, कॅमेमेलम नोबिले म्हणजे रोमन. फुलं इतकी सारखी की भलतंच रोप गळ्यात पडतं. अशा वेळी मी फूल ब्लेडने उभं चिरून बघते. मधली पिवळी गोंडी आतून पोकळ निघाली तर जर्मन, भरीव असेल तर रोमन.

चहासाठी फुलं हवी असतील तर जर्मनच लावा. ते हंगामी आहे, साधारण ६० सेंमी उंच होतं आणि पेरल्यापासून दोनेक महिन्यांत फुलायला लागतं. खुडत राहिलात की नवी फुलं येत राहतात. चवही सौम्य, रोमनचा चहा कडसर लागतो. पाकळ्या आडव्या पसरल्या की फूल खुडायचं. बी धरू दिलंत तर पुढच्या हंगामात रोपं आपसूक उगवतात, अगदी नको तिथेही.

रोमन बहुवर्षायु आहे. जमिनीलगत पसरतं, फुलावर आलं तरी जेमतेम ३० सेंमी. वाटेच्या कडेला लावलं आणि पाय पडला की सफरचंदासारखा वास दरवळतो. ग्रीकमध्ये 'कॅमोमाइल' या नावाचा अर्थच मुळी 'जमिनीवरचं सफरचंद' असा आहे. हिरवळीसाठी याचीच 'ट्रेनीग' जात घ्यावी. तिला फुलं येत नाहीत, त्यामुळे बी मिळत नाही, मुळासकट फुटवे वेगळे करून लावावे लागतात. नेहमीच्या वर्दळीत मात्र ही हिरवळ टिकत नाही.

दोघांनाही ऊन, पाण्याचा चांगला निचरा आणि थंड हवा मानवते. कडक उन्हाळा दोघांनाही सोसत नाही. पण जर्मनचं आयुष्य एका हंगामाचं, ते थंडीत पेरून मोकळं होता येतं. रोमनला दरवर्षी उन्हाळ्यातून जगवावं लागतं. म्हणून गरम हवेत पहिल्यांदाच लावणाऱ्याला मी जर्मन सुचवेन.

पेरताना बी मातीखाली गाडू नका. पहिल्या वर्षी मी बोटभर माती लोटली आणि एकही अंकुर आला नाही. धुळीसारख्या बारीक बियांना रुजायला उजेड लागतो. वाफ्यावर भुरभुरा, तळव्याने हलकं दाबा, फवाऱ्याने ओल ठेवा.

शेवंती किंवा गाजर गवताची ॲलर्जी असेल तर दोन्हींपासून जपून राहा, कुळ तेच आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर चहा सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.