ग्रुपचा मालक नोकरी सोडतो तेव्हा: आउटलुकमधली सोय की वेगळं पोर्टल?

डिस्ट्रिब्यूशन ग्रुप म्हणजे एका पत्त्यावर पाठवलेला मेल अनेकांना पोचवणारी यादी. अशा ग्रुपांची देखभाल आयटीकडून काढून ज्याच्या त्याच्या मालकाच्या हाती द्यायची, एवढं ठरलं की पुढचा प्रश्न येतो. एक्स्चेंज या मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरमध्ये आहे तीच, आउटलुकमधून चालणारी सोय वापरायची, की मालकांनी स्वतःच ग्रुप सांभाळायचं वेगळं सेल्फ-सर्व्हिस पोर्टल घ्यायचं? मी आधी पहिला रस्ता धरला आणि दीड वर्षानं दुसऱ्यावर आलो.

सदस्य जोडणं आणि काढणं एवढंच काम पाहिलं तर आउटलुक मला आजही उजवं वाटतं. माणूस रोज त्याच खिडकीत असतो, त्याला शिकवावं काहीच लागत नाही. फक्त एक काळजी घ्या. एक्स्चेंज 2010 पासून आलेली 'मायडिस्ट्रिब्यूशनग्रुप्स' ही भूमिका, म्हणजे अधिकारांचा संच, सदस्यांच्या यादीबरोबर नवे ग्रुप बनवण्याची आणि असलेले पुसण्याचीही मुभा देते. तेवढ्या आज्ञा वगळून तिची उपभूमिका बनवावी लागते. आम्ही ते उशिरा केलं आणि तोवर एकाच टीमचे जवळपास सारख्या नावांचे तीन ग्रुप झाले होते.

मेलबॉक्स क्लाउडवर गेल्या असतील आणि ग्रुप अजून तुमच्याच सर्व्हरवरच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतून (खाती आणि ग्रुपांची मध्यवर्ती नोंदवही) सिंक होत असतील, तर मात्र निर्णय सोपा आहे: पोर्टल घ्या. असे ग्रुप क्लाउडच्या बाजूनं बदलता येत नाहीत, त्यामुळे मालकाला आउटलुकमधून काहीच करता येत नाही.

माझ्यापुरता निकाल लागला तो वेगळ्याच कारणानं. एका ग्रुपमध्ये यायला मालकाची मंजुरी लागत असे. मालक नोकरी सोडून गेला, त्याचं खातं बंद झालं, आणि नव्या लोकांच्या विनंत्या त्या बंद मेलबॉक्सच्या दिशेनं जात राहिल्या. दोन जणांना जवळजवळ दोन महिने त्या ग्रुपवर येणाऱ्या देखभालीच्या सूचना मिळाल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, तेव्हा ग्रुपच्या 'मालक' या रकान्यातलं नाव पाहून मीच त्यांना सांगितलं होतं, 'मालक मंजूर करतील, थांबा.' याची बोच अजून आहे.

यामागची गोम अशी की खातं पुसलं तर मालकाचा रकाना आपोआप रिकामा होतो, पण नुसतं बंद केलं तर नाव तसंच राहतं. वरून सगळं ठीक दिसतं. कोण कशाचा मालक आहे हे डिरेक्टरीत त्या माणसाच्या खात्यावरच्या 'मॅनेज्ड ऑब्जेक्ट्स' या गुणधर्मात उलट्या बाजूनं पाहता येतं, पण एक्स्चेंजमध्ये नेमलेले सहमालक तिथे येत नाहीत, ते वेगळ्या गुणधर्मात असतात. मी दोन्ही तपासणारी पॉवरशेल स्क्रिप्ट लिहिली. बेवारस ग्रुप मिनिटाभरात सापडले. पण त्यांचा नवा मालक कोण, हे स्क्रिप्ट कुठून सांगणार? त्यासाठी मी एकेका टीमला मेल करत, फोन करत बसलो. आयटीच्या डोक्यावरचं जे ओझं उतरवायचं होतं, ते असं परत आलं.

मायक्रोसॉफ्ट 365 ग्रुपांसाठी मालक नसल्यास सदस्यांना विचारण्याची आणि ठरावीक मुदतीनंतर नूतनीकरणाची सोय आहे, पण ती डिस्ट्रिब्यूशन ग्रुपांना लागू नाही.

आम्ही घेतलेल्या पोर्टलमध्ये दोन मालकांची सक्ती आहे. एकाचं खातं बंद झालं की दुसऱ्याला, आणि दोघंही गेले तर त्यांच्या वरिष्ठांना विचारणा जाते. दर सहा महिन्यांनी मालकानं यादी पाहून 'चालू ठेवा' म्हणायचं. मोजमाप ठेवलेलं नाही, पण 'हा ग्रुप कोणाचा?' अशी तिकिटं मला आठवत नाहीत इतकी कमी झाली आहेत.

पोर्टलच्या अडचणीही आहेत. लोकांना आणखी एक पत्ता लक्षात ठेवावा लागतो, आणि आमच्याकडे त्याची सवय व्हायला काही महिने गेले. काही मालक यादी न पाहताच होकार देतात. पोर्टल ज्या खात्यानं काम करतं त्या सर्व्हिस अकाउंटला डिरेक्टरीत लिहिण्याचा अधिकार द्यावा लागतो, तो ग्रुपांच्या ओयूपुरताच (डिरेक्टरीतल्या त्यांच्या कप्प्यापुरताच) ठेवा. परवाना ग्रुपांवर मोजतात की सगळ्या कर्मचाऱ्यांवर, हेही आधी विचारा. तीस-चाळीस ग्रुप असतील आणि माणसं फारशी बदलत नसतील, तर एवढा खटाटोप कदाचित नकोच. आउटलुक आणि वर म्हटलेली स्क्रिप्ट पुरेल.

विभागवार ग्रुप दोन्हीकडे घालू नका. ते डायनॅमिक ठेवा, म्हणजे खात्यावरच्या विभागाच्या नोंदीवरून सदस्य आपोआप ठरू द्या, की मालकाचा प्रश्नच कमी होतो. एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये त्यांची यादी 24 तासांतून एकदा ताजी होते, तेवढी सवड धरा.

पोर्टल पाहायला बसाल तेव्हा सदस्य जोडण्याचं प्रात्यक्षिक थोडक्यात आटपा, ते सगळ्यांचंच चांगलं असतं. चाचणीच्या ग्रुपचा मालक तिथल्या तिथे बंद करायला सांगा, मग त्या ग्रुपसाठी एक विनंती पाठवा, आणि ती कोणाच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडते ते पाहा.