कंपनीचं क्रेडिट (उधारीची पत) बनवून देणारी सर्व्हिस – 3 स्टार, तेही रिमाइंडरसाठी

छोट्या कंपनीसाठी ही सर्व्हिस घेतली, नाव नाही घेत. चांगलं आधी सांगतो, डॅशबोर्ड मस्तय, कुठल्या सप्लायरचं बिल कधी ड्यू आहे ते एका स्क्रीनवर दिसतं आणि तारखेच्या आधी मेसेज येतो, आणि खरं तर बिझनेस क्रेडिट यातूनच बनतं, वेळेवर पैसे भरण्यातून, बाकी सगळा मसाला. पण डन अँड ब्रॅडस्ट्रीट या ब्युरोचा (कंपन्यांच्या पेमेंटचा रेकॉर्ड ठेवणारी संस्था) डन्स नंबर, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, काढून द्यायचे वेगळे पैसे लावले, अरे तो 9 आकडी नंबर थेट अर्ज केला की फुकट मिळतो! या ब्युरोच्या पेडेक्स स्कोअरमध्ये (वेळेवर पैसे भरण्याचे 100 पैकी मार्क) 80 म्हणजे ठरल्या तारखेला पेमेंट, वर जायचं तर तारखेआधी भरा. मेन गोष्ट सेल्सवाला बोललाच नाही, सप्लायर पेमेंटची माहिती ब्युरोला कळवतच नसेल तर तुम्ही कितीही शिस्तीत भरा, रिपोर्ट कोराच्या कोरा. माझे जुने सप्लायर असेच निघाले. वर रिपोर्टमध्ये कंपनीचा जुना पत्ता, तो बदलायला सपोर्टने नुसतं इकडून तिकडे फिरवलं, शेवटी ब्युरोकडे मीच तक्रार टाकली. बेसिक प्लॅन घ्या, प्रीमियमच्या नादी लागू नका.