चिझिक, फ्लीट स्ट्रीट, पोर्टोबेलो: लंडनच्या जिन डिस्टिलऱ्या आणि त्यांचे बार

जिनच्या डिस्टिलरीत पाऊल टाकलं की आधी एक प्रश्न विचारा: तुमचं अल्कोहोल कुठून येतं? लंडनमधल्या बहुतेक छोट्या डिस्टिलऱ्या ते स्वतः बनवत नाहीत. धान्यापासून काढलेलं, ९६ टक्क्यांचं, जवळजवळ बिनवासाचं अल्कोहोल मोठ्या कारखान्यातून विकत येतं. त्यात ज्युनिपर या झुडपाची सुगंधी फळं, धने, मुळं, साली घालून ते तांब्याच्या स्टिलमधून, म्हणजे डिस्टिलेशनच्या भांड्यातून, पुन्हा काढलं की जिन होते. यात लपवण्यासारखं काहीच नाही, कारण जिनचं सगळं कसब या दुसऱ्या डिस्टिलेशनमध्येच आहे. पण ज्या जागी हे न विचारता सांगतात, तिथे बाकीच्या प्रश्नांनाही नीट उत्तरं मिळतात, असं मला दिसलं.

मी लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत सुगंधी रसायनांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. नोकरीतली बरीच वर्षं कंडेन्सरमधून पडणारे थेंब हुंगण्यात गेली. लेक लंडनच्या पश्चिमेला, हाउन्स्लोला राहते. तिच्याकडे मुक्काम असला की आम्ही दोघी या जागा बघत हिंडतो. त्यामुळे हे लिहिणं काचेच्या ग्लासाइतकंच तांब्याच्या भांड्याबद्दलही आहे.

सुरुवात चिझिकच्या सिपस्मिथ डिस्टिलरीपासून करावी, असं मी प्रत्येकाला सांगते. हाउन्स्लोकडून येणाऱ्यांनी पिकॅडिली लाइनने ॲक्टन टाउनला उतरून डिस्ट्रिक्ट लाइन पकडायची, कारण दिवसा पिकॅडिलीच्या गाड्या टर्नहॅम ग्रीनला थांबत नाहीत. स्टेशनातून बाहेर पडलं की साध्या घरांच्या गल्लीतून चालत दहाएक मिनिटांत डिस्टिलरी. आत शिरलं की समोर हंसाच्या मानेसारख्या वळणाच्या नळ्यांची तांब्याची भांडी. त्यांना नावं आहेत: प्रूडन्स, पेशन्स, कॉन्स्टन्स. प्रूडन्स सगळ्यांत थोरली, जर्मनीच्या ख्रिस्तियान कार्ल कंपनीने घडवलेली, ३०० लिटरची.

या ३०० लिटरवरच सगळं घोडं अडलं होतं. १८०० लिटरपेक्षा लहान स्टिल असेल तर ब्रिटनचं महसूल खातं परवाना नाकारू शकत असे. सॅम गॉल्सवर्दी आणि फेअरफॅक्स हॉल या दोन मित्रांनी त्यासाठी चिवटपणे पाठपुरावा केला, आणि २००९ मध्ये हॅमरस्मिथच्या एका गॅरेजवजा जागेत प्रूडन्स पेटली. जॅरेड ब्राउन हे पेयांच्या इतिहासाचे अभ्यासक त्यांचे मास्टर डिस्टिलर झाले. आज ब्रिटनमध्ये गल्लोगल्ली छोट्या जिन डिस्टिलऱ्या दिसतात, त्यांची वाट या परवान्याने मोकळी केली. चिझिकला ते २०१४ मध्ये आले. २०१६ मध्ये बीम सन्टोरी या बड्या कंपनीने सिपस्मिथ विकत घेतली, तेव्हा आता हिला छोटी, हातची डिस्टिलरी म्हणायचं का, असं लोक विचारतात. माझं उत्तर असं की मालक कोण यापेक्षा कट कोण घेतं ते बघा.

कट म्हणजे काय, ते इथे उत्तम समजतं. टूर सुरू होतानाच हातात जिन-टॉनिक येतं आणि बोलणं स्टिलच्या पुढ्यातच चालतं. पहिली धार, म्हणजे हेड, बाजूला काढायची. मधला भाग, हार्ट, ठेवायचा. शेवटची टेल पुन्हा बाजूला. जिनमध्ये सगळे वास एकदम येत नाहीत. आधी लिंबू-संत्र्याच्या सालींची हलकी तेलं येतात, मग ज्युनिपर आणि धने, आणि शेवटी मुळांचा जड, मातकट वास. फोडणीत मोहरी, हिंग, कढीपत्ता यांना जसा क्रम असतो तसाच हा क्रम, फक्त इथे तो पदार्थ स्वतःच ठरवतात. ओल्या गवताचा वास डोकावला की थांबायचं. तिथे मीटर असतात, तापमान दिसतं, तरी थांबण्याचा क्षण नाकच ठरवतं, असं तिथल्या मुलीने सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं. आमच्या लॅबमध्ये गॅस क्रोमॅटोग्राफ होता, तरीही बॅच सोडायच्या आधी साहेब पट्टी नाकाशी धरायचेच.

सिपस्मिथच्या मूळ लंडन ड्राय जिनमध्ये दहा पदार्थ आहेत: मॅसिडोनियाचं ज्युनिपर, बल्गेरियाचे धने, अँजेलिका आणि ऑरिसची मुळं, ज्येष्ठमध, बदाम, दालचिनी आणि तिची जाड सालीची चिनी बहीण कॅसिया, शिवाय संत्रं आणि लिंबाच्या साली. म्हणजे निम्मं सामान आपल्या मसाल्याच्या डब्यातलं. धने मात्र वेगळे. बल्गेरियन दाणा बारीक असतो आणि त्यात तेल आपल्या मोठ्या धन्यापेक्षा कितीतरी जास्त. चोळून हुंगलं की लिनालूल या धन्यातल्या सुगंधी घटकाचा फुलासारखा, किंचित लिंबाकडे झुकणारा वास सरळ वर येतो. मी तो तळहात बराच वेळ नाकाशी धरून होते.

दुसरी महत्त्वाची गोष्ट वन-शॉटची. बऱ्याच ठिकाणी पदार्थांचं प्रमाण वाढवून घट्ट अर्क काढतात आणि नंतर त्यात साधं अल्कोहोल मिसळून बाटल्या वाढवतात. सिपस्मिथमध्ये एका बॅचमधून जे येतं त्यात फक्त पाणी घालून ते ४१.६ टक्क्यांवर आणतात. चवीत फरक पडतो का? मला पडल्यासारखा वाटतो, विशेषतः टॉनिकशिवाय प्यायलं तर. आणि त्यांची व्हीजेओपी (व्हेरी ज्युनिपरी ओव्हर प्रूफ) ही जास्त कडक जिन चुकवू नका. ५७.७ टक्के, ज्युनिपर तीन टप्प्यांत घातलेलं. थोडी नुसती चाखा, मग चमचाभर थंड पाणी घालून बघा. विरळ झालेल्या अल्कोहोलात तेलं विरघळून राहू शकत नाहीत, त्यामुळे काठाशी हलकीशी धूसर झाक येऊ शकते. ती दिसली तर दोष समजू नका, तेल भरपूर असल्याची ती खूण आहे.

चिझिकला गेलातच तर दुपारी हॉगार्थचं घर बघून मग डिस्टिलरीकडे या. विल्यम हॉगार्थ या चित्रकाराने ‘जिन लेन’ हे चित्र १७५१ मध्ये छापलं: जिनच्या नशेत बाईच्या हातून मूल निसटून पडतंय, आजूबाजूला उद्ध्वस्त वस्ती. त्याच वर्षी जिनच्या विक्रीला आवर घालणारा कायदा झाला. ज्या शहराने स्वस्त जिनपायी एवढं सोसलं, तिथे आज ती जपून, मोजून, नाव घेऊन बनवली जाते. ते चित्र बघून आल्यावर मला समोरच्या ग्लासाचं मोल वेगळं वाटलं.

बार म्हणून बसायचं असेल तर सिटी ऑफ लंडन डिस्टिलरी. फ्लीट स्ट्रीटमागच्या ब्राइड लेन नावाच्या बोळात ती आहे, ब्लॅकफ्रायर्स स्टेशनापासून चालत पाच मिनिटं. ती २०१२ मध्ये सुरू झाली. बारच्या पलीकडे काच आणि काचेआड स्टिल. पहिल्या दोन स्टिलची नावं क्लॅरिसा आणि जेनिफर, टीव्हीवरच्या दोन प्रसिद्ध ब्रिटिश सुगरणींवरून ठेवलेली. खुर्चीवर बसून ग्लासावरून नजर उचलली की थेट तांबंच दिसतं. अशी बसायची जागा मला लंडनमध्ये दुसरीकडे सापडली नाही.

इथे लेक म्हणाली, “आई, सरळ मार्टिनी घे. सिरपवाल्या कॉकटेलमध्ये तुला जिन शोधावी लागेल.” अगदी बरोबर बोलली. सेंट पॉल्स कॅथीड्रल बांधणाऱ्या वास्तुकाराच्या नावाची त्यांची क्रिस्टोफर रेन जिन, टॅन्करे या प्रसिद्ध जिनचे पूर्वीचे मास्टर डिस्टिलर टॉम निकोल यांनी बेतलेली आहे. ४५.३ टक्के आणि फक्त पाच पदार्थ: ज्युनिपर, धने, अँजेलिका, ज्येष्ठमध, गोड संत्रं. मार्टिनीत ती कोरडी लागते, पण शेवटी जिभेच्या मागच्या बाजूला ज्येष्ठमधाचा गोडवा रेंगाळतो. साखर नाही तो. लंडन ड्राय म्हणवायचं तर लिटरमागे ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही, आणि डिस्टिलेशननंतर कुठलाही स्वाद घालता येत नाही. बाटलीचा माथा सेंट पॉल्सच्या घुमटासारखा. तो घुमट रेनचाच, आणि बारच्या डोक्यावरचं सेंट ब्राइड्स चर्चही त्याचंच. बाहेर पडल्यावर मान वर करून त्याचा मजल्यामजल्यांनी निमुळता होत गेलेला मनोरा जरूर बघा.

मापाचं एक सांगून ठेवते. आपल्याकडच्या तीस-साठच्या पेगची सवय असेल तर इथे जिन कायद्याने २५ किंवा ३५ मिलीच्या मापात, किंवा त्याच्या पटीत मिळते. दोनशे-पाचशे जणांच्या गोंगाटी पबमध्ये ते कमी वाटेल. इथे, चव घ्यायला, ते पुरेसं आहे. चखण्याची फार अपेक्षा ठेवू नका. ऑलिव्ह आणि खारे बदाम मिळाले की भागवायचं. जेवून जा.

पोर्टोबेलो रोडवरच्या डिस्टिलरीत, १८६ नंबरला, जिनस्टिट्यूट चालतं. तिथे तुम्ही स्वतःची जिन जुळवता. प्रत्येक पदार्थाचा अर्क वेगळा काढून बाटल्यांत ठेवलेला असतो. ज्युनिपरचा पाया देऊन त्यावर तुम्ही हवे ते अर्क मोजून घालायचे. शंभर पौंडांच्या वर जातं, म्हणजे एका माणसाच्या मौजेला हे महाग आहे, यात शंका नाही. तरीही वासांत रस असणाऱ्याने हे करावं, कारण एकेक अर्क सुटा हुंगायची संधी एरवी मिळत नाही. ऑरिसचा अर्क एकटा हुंगला तर फिका, पावडरीसारखा, बिनकामाचा वाटतो. तो मिश्रणात घातला की बाकीचे उडून जाणारे वास धरून ठेवतो. आमच्या धंद्यात याला फिक्सेटिव्ह म्हणतात, आणि अत्तरवाल्यांनी ऑरिस पिढ्यान्‌पिढ्या त्याचसाठी वापरलाय. मी जायफळ थोडंसंच घातलं. शेजारच्या जोडप्याने मनसोक्त ओतलं आणि त्यांच्या जिनला बासुंदीचा वास आला, तो मला तरी आवडला असता.

सगळीकडे असं होत नाही. पूर्व लंडनमध्ये रेल्वेच्या कमानीखालच्या एका बारमध्ये दर्शनी भागात सुंदर स्टिल होती, पण तिच्या नळीवर धूळ होती. ही शेवटची कधी चालवली, असं विचारलं तर वाढणाऱ्या मुलाला माहीत नव्हतं. जिन इथेच बनते का, तेही सांगता आलं नाही. कॉकटेल दिसायला देखणं आणि नुसतं गोड. नाव देत नाही, पण परीक्षा सांगते: स्टिलजवळ उभं राहून खोल श्वास घ्या. चालत्या जागेत धने आणि ज्युनिपरचा वास भिंतींत मुरलेला असतो.

केनिंग्टनची बीफीटर मोठी डिस्टिलरी, या लेखात तिचं काम नाही. पण १९५८ पासून ती ओव्हल मैदानाच्या अगदी शेजारी आहे, आणि ऑगस्ट १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमधला आपला पहिला कसोटी विजय त्याच ओव्हलवर मिळवला. चंद्रशेखरच्या ३८ धावांतल्या ६ बळींची बातमी आमच्या घरी रेडिओवर आली तेव्हा आप्पांनी पेढे वाटले होते. त्या भिंतीजवळून जाताना पावलं थांबतातच.

परत आल्यावर गोव्यातल्या जिन मी नव्याने चाखल्या. नाओ स्पिरिट्सच्या हपुसामध्ये हिमालयातलं ज्युनिपर आहे आणि हळदही. लंडन ड्रायच्या शेजारी ठेवून प्यायलात तर ज्युनिपर-ज्युनिपरमधला फरक लगेच कळतो. हपुसाचं ज्युनिपर जास्त मातीचं, कमी पाइनचं.

आता बुकिंगचं. सिपस्मिथची टूर आधी ऑनलाइन ठरवा, संध्याकाळच्या जागा लवकर भरतात. ब्राइड लेनला शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसवाल्यांची गर्दी होते, मंगळवार-बुधवार बरे. बिलात साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला असू शकतो, तो ऐच्छिक असतो. सोबतच्या कुणाला प्यायचं नसेल तर सिपस्मिथचीच ०.५ टक्क्याची फ्रीग्लायडर टॉनिकबरोबर मागा. दोन डिस्टिलऱ्या एका दिवशी करू नका, दुसऱ्या ठिकाणी नाक काम करत नाही. बाटल्या भारतात आणायच्या असतील तर माणशी दोन लिटरपर्यंत ड्युटी लागत नाही. चेक-इन बॅगेत, स्वेटरमध्ये गुंडाळून, मधोमध ठेवा.