दादरचा शनिवारचा दासबोध वर्ग: बोचतो, म्हणून जावं

दादर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर शनिवारी साडेपाच ते सात हा वर्ग भरतो. फी नाही, शाल-श्रीफळ नाही, देणगीदारांची नावं वाचत नाहीत. श्रोत्यांना 'पुण्यवान' म्हणत सुरू होणारी प्रवचनं मुंबईत पुष्कळ. इथे ग्रंथ जे बोलतो ते पातळ न करता ऐकवतात.

दासबोधाचे २० दशक, म्हणजे भाग, आणि २०० समास, म्हणजे प्रकरणं. आठवड्याला एक घेतला तरी जवळजवळ चार वर्षं लागतील, पण इथे घाई नाही. दुसऱ्या दशकाच्या पहिल्या समासाला, मूर्खलक्षणांना, चक्क चार शनिवार दिले जातात. आधी समास सलग वाचायचा, मध्ये एक शब्द नाही. मग एकेक ओवी घेऊन पदं सोडवायची, अन्वय (शब्द सरळ गद्याच्या क्रमाने लावणं), अर्थ.

'आपली आपण करी स्तुति । स्वदेशीं भोगी विपत्ति । सांगे वडिलांची किर्ती । तो येक मूर्ख' ही ओवी वर्ग घेणाऱ्या बाई कशी उलगडतात ते मुद्दाम ऐका. तीन चरण यमकात जुळतात, कान सुखावतो, आणि चौथा आखूड चरण यमक सोडून थेट अंगावर येतो. तिथे बाई क्षणभर गप्प राहतात. तेवढ्यात आजोबांच्या मोठेपणाचे आपणच चार लोकांत सांगितलेले किस्से आठवायला लागतात.

शेवटची दहा मिनिटं वहीची. डावीकडे ओवीचा क्रमांक, उजवीकडे ती आपल्या कुठल्या वागण्याला लागते ते, तारखेसकट. वही कुणी तपासत नाही. बोलायचं ते 'मी' म्हणूनच. 'आमच्या ऑफिसात अगदी असाच एक आहे' म्हटलं की बाई तिथेच थांबवतात, आणि ते फार बरं करतात. लक्षणं दुसऱ्याच्या गळ्यात बांधली की समासाची करमणूक होते. समर्थांनी ती 'त्यागार्थ' सांगितली आहेत, म्हणजे आपली आपण टाकायला.

उणिवाही आहेत. वाटतात त्या झेरॉक्स पानांवर अर्थ नसतो, त्यामुळे नवख्याने मोठ्या टायपाची सार्थ प्रत आणावी. विकत घेताना मूर्खलक्षणांचं पान उघडून बघा. 'मूर्ख'चा अर्थ 'भोळा' केला असेल तर ती प्रत परत ठेवा. लोकल चुकून पावणेसहाला पोचलात तर सलग वाचन हुकतं आणि ओव्या सुट्या सुट्या लागतात. पंख्यांच्या आवाजात मागच्या दोन रांगांना अन्वय ऐकू येत नाही; माईक हवाच.

त्याच दशकाचा दहावा समास, पढतमूर्खाचा, अजिबात चुकवू नका. बहुश्रुत, ब्रह्मज्ञान नीट बोलणारा, तरी दुराशा आणि अभिमान धरणारा. म्हणजे नेमाने वर्गाला येणारेच त्यात सापडतात. त्या शनिवारी बाई आधी स्वतःची वही उघडून मोठ्याने वाचतात, मग बाकीचे.