क्वाट्रो, एक्सड्राइव्ह, फोरमॅटिक : पुण्यातलं टोइंग आणि गॅरेज किती भरवशाचं?

बीएमडब्ल्यू एम340आय, ऑडी एस5, एएमजी ए45 एस या चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या (बीएमडब्ल्यू त्याला एक्सड्राइव्ह म्हणते, ऑडी क्वाट्रो, मर्सिडीज फोरमॅटिक) पुण्यात आता नवलाईच्या राहिल्या नाहीत. त्या बंद पडल्यावर उचलायला येणारी सेवा मात्र बऱ्याच ठिकाणी अजून हॅचबॅकच्याच हिशेबाने चालते. फोन लावला की 'लोकेशन पाठवा' आणि 'कुठे सोडायची?' एवढंच विचारतात. 'चारही चाकांना ड्राइव्ह आहे का?' असं विचारणारा भेटला, तर त्याचा नंबर सेव्ह करून ठेवा.

पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर फिरवत नेणारी क्रेन स्वस्त असते, लवकरही येते. या गाड्यांसाठी तिला शून्य गुण. एस5 सारख्या गाडीत मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच) दोन्ही अ‍ॅक्सल कायम जोडून ठेवतो. एक अ‍ॅक्सल स्थिर आणि दुसरा फिरता राहिला, तर वेगातला सगळा फरक त्या डिफरन्शियलवर येतो. इंजिन बंद म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा ऑइल पंपही बंद, त्यामुळे आत पुरेसं तेलच फिरत नाही. कात्रज ते वाकड बायपासने अशी गाडी नेली, की दुरुस्तीचं बिल टोइंगच्या कितीतरी पट. 'हाल्डेक्सवाली (गरजेपुरती मागची चाकं जोडणाऱ्या कपलिंगची) आहे, बंद गाडीत कपलिंग सुटलेलं असतं, काही होत नाही' हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. स्टीअरिंग लॉक नको म्हणून कोणी इग्निशन चालू ठेवलं, तर कपलिंगचा पंप जागा होऊ शकतो. नो-पार्किंगमधून उचलणाऱ्या क्रेनलाही हेच लागू. फर्ग्युसन रस्त्यावर 'पाचच मिनिटं' म्हणून अशी गाडी लावून जाऊ नये.

तेव्हा फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारा ट्रकच मागवायचा. पण फ्लॅटबेड आला म्हणजे झालं, असंही नाही. खरं नुकसान गाडी चढवताना होतं. बेड पूर्ण तिरका केला तरी खाली बसलेल्या गाडीचा पुढचा लिप (बंपरची खालची कड) बेडच्या कडेला घासतो. चांगला ऑपरेटर टायरखाली लाकडी फळ्या टाकून चढ कमी करतो. फळ्या सोबत आहेत का, हे आधीच विचारा. टो-हुक शेवटपर्यंत आवळलेला हवा. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, म्हणून 'बसत नाही' म्हणत पान्याने जोर लावू नका. विंचचा (गाडी वर ओढणाऱ्या चरख्याचा) दोर सरळ रेषेत हवा. तिरका ओढला की हुकची बैठक वाकते. हुक फक्त ओढण्यासाठी. वर चढल्यावर चारही टायरांवरून पट्टे टाकून गाडी बांधायची. कंट्रोल आर्मला (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्याला) साखळी किंवा अलॉयच्या आऱ्यांतून पट्टा घालणाऱ्याला तिथेच थांबवा.

बॅटरी उतरली असेल तर वेगळीच पंचाईत. गिअर पीमध्ये अडकतो, इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक सुटत नाही आणि चाकं जाम. एम340आयची बॅटरी डिकीत असते, पण जंप देण्याचे पॉइंट बॉनेटखाली आहेत. ऑपरेटरकडे जंप पॅक नसेल तर निदान चाकांखाली घालायच्या ट्रॉल्या हव्यात. दोन्ही नाही, आणि 'खेचू, सरकेल' म्हणतोय? परत पाठवा. सेकंड-हँड टायरसुद्धा स्वस्त नाहीत.

आता गॅरेज. एकच अ‍ॅक्सल जॅकवर घेऊन गाडी गिअरमध्ये टाकणारा मेकॅनिक दिसला, की चावी परत मागा. जमिनीवरच्या चाकांना ताकद मिळाली की गाडी जॅकवरून उडी मारते. दोन चाकांच्या डायनोचंही (चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्राचंही) तेच. हाल्डेक्सचा फ्यूज काढून काही जण भागवतात. कायम जोडलेल्या क्वाट्रोला तो उपायच नाही, तिथे चारही चाकांचा, एकमेकांशी जुळवलेल्या रोलरांचा डायनो लागतो. वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहनांच्या चाचण्या करणारी संस्था असलेल्या शहरात हे सांगावं लागतं, असो.

सर्व्हिसची परीक्षा हाल्डेक्सवर घ्या. तिसऱ्या पिढीच्या ऑडी टीटीत पाचव्या पिढीचं कपलिंग आहे. साधारण 3 वर्षांनी नुसतं तेल बदलून भागत नाही. क्लचचा गाळ पंपाच्या जाळीत अडकतो, पंपावर ताण येऊन तो जळतो आणि गाडी गुपचूप पुढच्या चाकांवर चालू लागते. बऱ्याचदा डॅशबोर्डवर दिवाही लागत नाही. पंप उतरवून जाळी धुतली का, ओ-रिंग नव्या घातल्या का, हे विचारा. 850 मिलीची बाटली पुरते. भरायचा बोल्ट आधी सैल करायचा, मगच खालचा. वरचा अडकला तर तेलाशिवाय गाडी लिफ्टवरच राहील. मागच्या डिफरन्शियलचं तेल वेगळं असतं. नाना पेठेत वायसर मिळतील, कपलिंगचं तेल मात्र पार्ट नंबर पाहूनच घ्या.

टायरबाबत 'दोनच बदला, चालतं' हा सल्ला इथे महाग पडतो. 255/40 आर18 टायरची नक्षी 2 मिमीने कमी असली तर घेर सुमारे 12.5 मिमीने घटतो. म्हणजे दर किलोमीटरला जवळपास 3 फेरे जास्त, आणि ते कपलिंगला सतत घसरून झेलावे लागतात. एक्सड्राइव्हमध्ये याची खूण म्हणजे पार्किंगमध्ये पूर्ण स्टीअरिंग वळवून हळू फिरताना येणारा थरथराट. ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचं) तेल बदललं असेल, तर स्कॅनरने त्याची अ‍ॅडॅप्टेशनची (झिजेनुसार जुळवून घेतल्याची) नोंद शून्य केली का, हेही पाहा. गाडी ताब्यात घेताना कोरड्या डांबरावर डावीकडे आणि उजवीकडे असा एकेक फेरा मारा, स्कॅनचा प्रिंट मागून घ्या, मग पैसे द्या.